रोजची प्रेरणा आणि रोजचा नेम

प्रश्न, थोडक्यात: मी २७ वर्षांचा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. चार वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. रात्री मोबाईलवर भाषणं ऐकली की अंगात बळ येतं, उद्यापासून १२ तास अभ्यास असं ठरवतो. सकाळी सगळं ओसरलेलं असतं. अभ्यासिकेत बसतो, पान उलटत नाही. स्वतःची लाज वाटते. मॅडम, रोज उठून कष्ट करायची प्रेरणा आणायची कुठून?

उत्तर:

तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. पुण्यात समुपदेशनाचं काम करायला लागून मला २३ वर्षं झाली. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता इथल्या अभ्यासिकांमधली कितीतरी मुलं-मुली या काळात माझ्यासमोर येऊन बसली. प्रत्येकाची हकिकत वेगळी असते, पण हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो.

आधी त्या प्रश्नाबद्दलच बोलू. प्रेरणा ‘आणायची कुठून’, असं तू विचारतोस. जणू ती बाहेर कुठेतरी साठवलेली आहे, सकाळी जाऊन भरून आणायची आणि मग कामाला लागायचं. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. हंडे भरले की त्या दिवसाचं भागतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट बघायची. रात्रीची भाषणं म्हणजे तो टँकर आहे. माझा अनुभव असा की कामाची ओढ कामाच्या आधी येत नाही. काम सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी येते, आणि काही दिवस तर मुळीच येत नाही. जी मुलं टिकली, त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त उत्साह होता असं मला कधी दिसलं नाही. त्यांची बसायची वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, आणि बसल्यावर पहिल्यांदा काय हातात घ्यायचं तेही ठरलेलं होतं.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. १९७० च्या दशकात पीटर ल्युइनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साखळी मांडली: मन खचलं की माणूस कामं कमी करतो, कामं कमी झाली की त्यातून मिळणारं समाधानही कमी होतं, आणि त्याने मन आणखी खचतं. ही साखळी तोडायची तर मन सुधारायची वाट न बघता कामाच्या टोकाकडून सुरुवात करायची. याचा आपल्याकडचा फार चांगला पुरावा गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचा अभ्यास केला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली तो छापून आला. निम्म्या रुग्णांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. बाकीच्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी दिल्या. या भेटी देणारी माणसं डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण घेतलेली तिथलीच साधी माणसं होती. भेटीत मुख्य भर एकाच गोष्टीवर होता: आपल्याला अर्थपूर्ण वाटणारी छोटी कामं ठरवून घेणं आणि मन नसतानाही ती करून पाहणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. इतक्या खचलेल्या लोकांच्या बाबतीत हे घडलं.

आता त्या भाषणांबद्दल. ती ऐकणं वाईट असं मी म्हणणार नाही. पण रात्री ११ वाजता तुझ्या डोक्यात नेमकं काय घडतं ते बघ. समोरचा सांगतो की तू साहेब होशील, गावात मिरवणूक निघेल, आई-वडील स्टेजवर बसतील. तू ते डोळ्यांपुढे आणतोस आणि ते मिळाल्याचं सुख थोडं थोडं तिथेच मिळून जातं. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच विषय वर्षानुवर्षं अभ्यासला. पदवी पूर्ण करून नोकरी शोधणाऱ्या तरुणांमध्ये त्यांना असं दिसलं की चांगल्या नोकरीची गोड चित्रं जे मनात जास्त रंगवत होते, त्यांना पुढे नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. पुढे २०११ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही दाखवलं की अशा कल्पनारंजनानंतर अंगातली उभारी वाढण्याऐवजी उतरते, आणि ते रक्तदाबाच्या मोजणीतही दिसतं. शरीराला वाटतं, काम झालं. म्हणून सकाळी सगळं ओसरलेलं असतं. तू आळशी आहेस असं तुला वाटतं, पण रात्रीच निम्मी हौस खर्च झालेली असते.

त्याच बाईंचा उपाय साधा आहे आणि मी तो सर्रास वापरते. इच्छा मनात आणायची, आणि लगेच तिच्या आड नेमकं काय येतं ते आणायचं. ‘मला पूर्वपरीक्षा काढायची आहे’ याच्या पाठोपाठ ‘जेवल्यावर मेसमधून परत येताना मी कट्ट्यावर दीड तास थांबतो’. हे दुसरं वाक्य ऐकायला बरं वाटत नाही. पण उपाय करता येतो तो फक्त दुसऱ्या वाक्यावर.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य मात्र लाजेचं आहे. त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

ऊसतोडीच्या घरातली, कोरडवाहू शेतीतली, हमालाची, घरकामाला जाणाऱ्या बाईची मुलं माझ्याकडे येतात. जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं की आईच्या हातावरचे घट्टे आठव, आपोआप अभ्यास होईल. एका मुलाने तर आई मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवताना काढलेला फोटो टेबलावर चिकटवला होता. तो मला म्हणाला, मॅडम, त्या फोटोकडे बघितलं की छातीत दाटून येतं आणि मग मी बाहेर जाऊन चहा पितो. मी त्याला तो फोटो काढून घरच्या अल्बममध्ये ठेवायला सांगितला. तो चिडला, आईचा अपमान वाटला त्याला. दोन दिवसांनी काढला.

अपराधीपणा माणसाला खुर्चीत आणून बसवतो, पण वाचू देत नाही. पुस्तक उघडलं की समोर भूमी अभिलेख किंवा पंचायत राज येत नाही, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल समोर येते, गेलेली चार वर्षं येतात, बहिणीचं लग्न येतं. इतकं ओझं एका पानावर ठेवल्यावर कोणीही ते पान टाळेल. फोन हातात घेतला की दहा मिनिटं सुटका होते. ती सुटका मेंदू लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी पुस्तक दिसताच हात फोनकडे जातो. तुझं चारित्र्य ढासळलं म्हणून हे होत नाही. दुखऱ्या जागेवरून हात मागे घ्यावा, तसं होतं. म्हणून आई-वडिलांचे कष्ट अभ्यासाच्या टेबलावर आणू नकोस. ते त्यांच्याशी फोनवर बोलताना मनात असू दे. पाडवा झाल्यावर ते फडावरून घरी येतील, तेव्हा चार दिवस गावी जाऊन त्यांच्याबरोबर रहा. टेबलावर फक्त आजचं प्रकरण.

आणि एक. आई पहाटे तीनला उठून फडात जाते ती प्रेरणा मिळाली म्हणून नाही. उचल फेडायची आहे, कोपीतलं, म्हणजे फडावरच्या झोपडीतलं, चूल-पाणी उरकायचं आहे, गाडी भरायची आहे. ती सक्ती आहे. तिचं गुणगान करावं असं त्यात मला काही दिसत नाही आणि तुझ्या वाट्याला ती यावी असंही वाटत नाही. त्यातली एकच गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. टोळी उठली की एकटं माणूस झोपून राहत नाही. अभ्यासिकेत ८० जण शेजारी बसलेले असूनही तू एकटा आहेस, कारण तू आला नाहीस तर कोणाचंच काही अडत नाही. दोघं जण शोध, फार नकोत. सकाळी साडेसातला तिघांनी भेटायचं आणि काल वाचलेल्यातला एक मुद्दा प्रत्येकाने पाच मिनिटं समजावून सांगायचा. ज्या दिवशी तू जाणार नाहीस, त्या दिवशी त्या दोघांचं काहीतरी राहील, एवढी गाठ पुरते.

आता रोजच्या कामाची गोष्ट. माझे वडील साताऱ्यात शिंपी होते. पायमशीन, एक टेबल, भिंतीला मापाची वही. रात्री दुकान बंद करताना ते एक गोष्ट कधी चुकवत नसत: सकाळचा पहिला कपडा बेतून मशीनवर ठेवलेला, बॉबीन भरलेली आणि सुईत दोरा ओवलेला. सकाळी आल्यावर त्यांना काही ठरवायचं नसायचं. बसायचं आणि पाय दाबायचा. लहानपणी मला ती फक्त शिस्त वाटायची. पुढे या कामात आल्यावर कळलं की सकाळी पुष्कळ शक्ती काम करण्याआधीच, ‘काय करू’ हे ठरवण्यात जाते. तू अभ्यासिकेत पोहोचतोस तेव्हा टेबलावर पॉलिटी, अर्थशास्त्र, इतिहास, चालू घडामोडींची चार मासिकं असतात. कुठून सुरू करू, या प्रश्नातच पाऊण तास जातो. म्हणून रात्री उठताना गणित मुद्दाम अर्धवट सोडायचं. उत्तराची पुढची पायरी काय ते माहीत असतानाच पेन ठेवायचं. सकाळी तीच पायरी लिहायची.

यालाच जोडून पीटर गॉलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. ‘मी अभ्यास करीन’ हा निश्चय आणि ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी तमुक करीन’ हा निश्चय यांत त्यांना मोठा फरक दिसला. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. कुठे आणि केव्हा लिहायला बसणार हे ज्यांनी आधी ठरवून ठेवलं, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी तो वेळेत पाठवला. इतरांपैकी सुमारे एक तृतीयांशच मुलांनी. २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि फरक टिकला. तेव्हा ‘उद्यापासून १२ तास’ हे वाक्य डोक्यातून काढून टाक. ‘मेसमध्ये ताट ठेवलं की थेट अभ्यासिका, बसलो की कालची अर्धी पायरी’ एवढंच कागदावर लिही.

१२ तासांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नव्या पेठेत तास मोजायची जी चढाओढ चालते, तिने मुलांचं नुकसान होतं. खुर्चीतले तास आणि वाचनाचे तास वेगळे असतात. आज तुझं पान उलटत नाही, म्हणजे तुझा खरा आकडा शून्याच्या जवळ आहे. तिथून १२ वर उडी मारलीस की तिसऱ्या दिवशी आपटशील, आणि मग ‘मी असाच’ हे पुन्हा सिद्ध झाल्यासारखं वाटेल. पहिले १५ दिवस सकाळी ५० मिनिटं आणि दुपारी ५० मिनिटं, फोनशिवाय. मुलांना हे फार थोडं वाटतं, स्पर्धेत मागे पडू असं वाटतं. मी तरीही आग्रह धरते, कारण यशाची चव आधी लागावी लागते.

२१ दिवसांत सवय लागते, हेही तू ऐकलं असशील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये आला. रोजची एक नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील असं दिसलं, कुणाला २५४. आणि त्यात एक मोठा दिलासा आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मी पाहिलेली बहुतेक मुलं चुकलेल्या दिवसामुळे मागे पडत नाहीत. चुकलेल्या दिवसाची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जातात आणि तिथे मोडतात. बुधवार बुडाला तर गुरुवारी फक्त गुरुवारचं करायचं.

आता कशासाठी, हा भाग. आपल्या भाषेत ‘नेम’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. गोफणीने नेम धरतात तो, आणि एकादशीचा, पारायणाचा, वारीचा नेम असतो तो. म्हणजे कुठे मारायचं हेही नेम आणि रोज काय चुकवायचं नाही हेही नेम. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून लंगड्या आहेत. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. हिंगण्याहून काही मैल पायी पुण्यात यायचं, शिकवायचं, वर्गणी गोळा करायची आणि पायी परत जायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. ध्येय केवढं मोठं, पण रोज सकाळी त्यांच्यासमोर असायची ती फक्त हिंगण्याची पायवाट.

तुझा रोजचा नेम कसा धरायचा ते वर लिहिलं. दुसरा नेम तुझ्याकडे आहे का, ते मला तुझ्या पत्रातून कळलं नाही. तू ‘राज्यसेवा’ लिहिलंस. उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार होऊन मंगळवारी दुपारी तीन वाजता तू काय करत असशील, हे तुला माहीत आहे का? बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना साहेबाची गाडी माहीत असते. ॲडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग केला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची फक्त पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. त्यांना कोणी भाषण दिलं नव्हतं. आपल्या कामाचं फळ कोणाच्या ओंजळीत पडतं, ते त्यांनी समोर पाहिलं होतं.

म्हणून मी मुलांना एक काम देते. गावी गेलास की एक दिवस तहसील कार्यालयाच्या आवारात बस. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला तिसऱ्यांदा आलेला माणूस बघ. फेरफार अडलेला, उत्पन्नाचा दाखला हवा असलेली कॉलेजची मुलगी, निराधार योजनेचं अनुदान बंद झालं म्हणून काठी टेकत आलेली म्हातारी. माझ्याकडे येणारी एक मुलगी असाच एक दिवस बसली. एका आजींचा हयातीचा दाखला राहिला होता, एवढंच कारण होतं, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हिने अर्ज भरला, तलाठ्यांकडे नेलं, दोन तासांत काम झालं. परत आल्यावर ती म्हणाली, मॅडम, योजनांचं प्रकरण मी तीन वेळा पाठ करून विसरले होते, आता विसरणार नाही. पुढे तिची निवड झाली नाही. ती आज तिच्या तालुक्यात सेतू केंद्र चालवते आणि लोक दुसऱ्या गावांहून तिच्याकडे येतात. तिचा नेम चुकला असं मला वाटत नाही.

त्यावरूनच पुढचं बोलणं येतं, ते तुला आवडणार नाही. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. ती मर्यादा म्हणजे तुझं वेळापत्रक नव्हे. जागा किती निघतील, तारीख कधी पुढे जाईल, हे तुझ्या हातात नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्यावरून २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो बदल २०२५ वर गेला, हे तू जवळून पाहिलंच असशील. अशा वाटेवर शेवटची तारीख आपणच घालायची असते. अजून किती प्रयत्न, हे आज वहीत लिही आणि घरी सांग. त्याच्या बाजूला दुसरी वाट लिही, आणि तिच्यासाठी आठवड्यातून दोन-तीन तास आत्तापासून दे. दुसरी वाट ठरवली की मन फुटतं, असं क्लासवाले सांगतात. मला उलट दिसलं आहे. ज्याच्या पायाखाली दुसरी फळी आहे तो परीक्षेत कमी थरथरतो.

हे सगळं करून पाहण्याआधी एक तपासणी मात्र कर. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, आवडायच्या त्या गोष्टीही नकोशा झाल्यात, झोप तुटते किंवा १२ तास झोपूनही थकवा जात नाही, भूक बदलली आहे, असं असेल तर हा प्रेरणेचा प्रश्न नाही, आजाराचा आहे, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखव. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ यांबद्दलही त्यांना विचार. मेसचं एकवेळचं जेवण आणि सात कप चहा यांवर राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताची कमतरता मी बऱ्याचदा पाहिली आहे, आणि ती बिचारी स्वतःला आळशी समजत होती. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर एक रात्रही एकटा राहू नकोस. खोलीतल्या मित्राला उठव आणि १४४१६ वर फोन लाव. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

तसं काही नसेल, तर आज रात्री भाषण लावू नकोस. एखादं गणित अर्ध्यावर सोड, वही त्याच पानावर उघडी ठेव आणि पेन वर ठेव. फोन मित्राच्या खोलीत चार्जिंगला लाव, आणि पहाटेच्या गजरासाठी बाजारातून दीडशे-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ आण.